नलूताईची गाडी आणि स्टीलचा पेला

दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी कारखान्यात जायला निघालो होतो. बूट घातले होते, डबा हातात होता. अनोळखी नंबर दिसला आणि सवयीने डोळ्यांसमोर बडोद्याबाहेरचा हालोलचा रस्ता आला. नलूताईने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, ती बुटकी, दोनच माणसांची पिवळी स्पोर्ट्स कार घेतल्यापासून अनोळखी नंबर म्हणजे हालोल रस्ता, मधला दुभाजक, उलटी पडलेली पिवळी गाडी आणि कुणीतरी विचारतंय, "आ बेन तमारां शुं थाय?", म्हणजे या बाई तुमच्या कोण, हे चित्र माझ्या मनात तयारच असायचं. फोनवरची नर्स मात्र शांतपणे बोलत होती. ताई झोपेत गेली होती. दवाखान्याच्या पलंगावर, दोन्ही बाजूंना कठडे लावलेले असताना. छातीत कफ भरला होता, तो काही सुटला नाही. ज्या गोष्टीची मी इतकी वर्षं धास्ती घेतली होती, तिचा या मरणाशी काही संबंध नव्हता. तरीही फोन ठेवल्यावर मी आधी खाली पार्किंगमध्ये गेलो आणि गाडी जागेवर आहे का ते पाहिलं. मीना, माझी बायको, गॅलरीतून विचारत होती, "अहो, कुणाचा फोन? खाली काय करताय?" गाडी कव्हरखाली जशीच्या तशी उभी होती...

आता या गोष्टीला काही आठवडे झाले. लिहिण्याची मला सवय नाही. मी मकरपुऱ्याला एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. तयार झालेला भाग मोजायचा, मापात असेल तर पुढे पाठवायचा, नसेल तर परत, एवढंच माझं काम. मोजलं की भीती कमी होते, असा माझा जन्मभराचा समज. नलूताईचा स्वभाव याच्या अगदी उलट. ती माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आमचं मूळ घर बडोद्यात पाणीगेटजवळचं. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, आणि तेवढ्या एका गोष्टीवर बाबांनी आयुष्यभर मान ताठ ठेवली. दसऱ्याला घरात तलवारीची पूजा व्हायची. पुढे तलवार कुठे गेली कुणास ठाऊक, पण पूजा राहिली. तलवारीच्या जागी आधी बाबांची सायकल आली, मग स्कूटर. ताई बाजव्याच्या बाजूला एका रसायनांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरीला होती. कंपनीच्या बसने जायची, बसनेच यायची. भाऊजी मवाळ स्वभावाचे, गाडी चाळीसच्या वर कधी नेली नाही. ती निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी ते गेले. मुलगा मंदार कॅनडात. आणि मग एके दिवशी ही बाई साठीला टेकलेली असताना आमच्या सोसायटीत ती पिवळी गाडी घेऊन आली. कुण्या डॉक्टरांची होती. त्यात बसून त्यांची कंबर धरायला लागली म्हणून त्यांनी विकायला काढली होती.

"ताई, दोनच सीट?" मी विचारलं.

"एक माझी, एक तुझी. मी सगळा जन्म बसच्या मागच्या सीटवर काढला, दिनू. आता जमिनीला चिकटून जाणार, आणि कुठे वळायचं ते मी ठरवणार."

"मग मी कशाला?"

"शेजारी कुणीतरी घाबरणारं नको का? एकटीने जाण्यात काय मजा!"

घाबरण्याचं काम मी चोख केलं. त्या गाडीत बसलं की डोळे ट्रकच्या चाकांच्या उंचीला येतात, हे ज्यांनी अनुभवलं नाही त्यांना सांगून कळायचं नाही. पाणीगेटच्या गतिरोधकांवर ती खालून खरवडायची आणि माझ्या दातांतून कळ जायची. सोसायटीतली मुलं "नलूमासी, रेसमां जवानुं छे?" म्हणून मागे धावायची, ही त्यांना हात करायची, आणि मी तिचा दुसरा हात स्टिअरिंगवर आहे ना ते पाहायचो. पण गाडी ती फार छान चालवायची, हे मला मान्य करायलाच हवं. घाई नसायची, अचानक ब्रेक नसायचा. साडीवर बूट घालून बसायची आणि गियर असा टाकायची की कळायचंही नाही.

दुसऱ्या वर्षी ती म्हणाली, की वेग वाढला की स्टिअरिंग हातात थरथरतं. मलाही सीटमध्ये जाणवत होतं, पण जाणवणं म्हणजे माप नव्हे. म्हणून मी तिच्या स्वयंपाकघरातून स्टीलचा पेला घेतला. आईने दिलेला, त्यावर टोचून लिहिलेलं, 'चि. नलिनीस मंगळागौरीनिमित्त, आईकडून'. त्याच्या काठाखाली एक उठावाची रेघ आहे. त्या रेघेपर्यंत पाणी भरायचं, गाडीत दोन सीटांच्या मध्ये पेला ठेवायची जागा आहे तिथे फडक्यात गुंडाळून तो घट्ट बसवायचा, आणि हालोल रस्त्याला लागायचं. साठला पाणी स्वस्थ. ऐंशीला बारीक वलयं. नव्वदला पाणी काठावरून उडून फडकं ओलं. ताई हसून म्हणाली, "अख्ख्या बडोद्यात स्पोर्ट्स कारमध्ये मंगळागौरीचा पेला घेऊन फिरणारे आपणच." मला हसू येत नव्हतं. त्या वेगाला पुढचं चाक निसटलं तर काय, याचा विचार माझ्या मनातून जात नव्हता.

चांगला बॅलन्सिंगवाला शोधणं हे इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. चाकाचं वजन सगळीकडून सारखं नसलं की ते फिरताना झटके देतं. मशीनवर फिरवून हलक्या बाजूला ग्रॅमग्रॅमची वजनं लावायची, एवढंच ते काम. पहिल्या दुकानात त्यांनी गाडी पाहून आधी फोटो काढले, मग चाकावर हातोडीने वजनं ठोकली. रिमवर ओरखडे पडले आणि पडद्यावर शून्य आलं, म्हणजे वजनात फरक उरला नाही. "मशीन खोटुं न बोले, बेन." नव्वदला पाणी पुन्हा उडालं. दुसऱ्याने चारही टायर बदलायला सांगितले. तिसरा प्रामाणिक होता. म्हणाला, एवढ्या खाली वाकून मला काम जमत नाही. प्रत्येक ठिकाणी पडद्यावर शून्यच यायचं आणि प्रत्येक वेळी पेला उलटंच सांगायचा. खोटं शून्य फार भीतिदायक असतं, कारण ते घेऊन माणूस निर्धास्तपणे रस्त्याला लागतो. आमच्या कामात अशा शून्याने काय होतं ते मी पाहिलं आहे.

अखेर गाडी विकणाऱ्या त्याच डॉक्टरांनी परेशभाईंचं नाव सांगितलं. मकरपुऱ्याच्याही पलीकडे त्यांची शेड. आत पांढऱ्या फरशा, आणि मशीनच्या खोलीत जाताना चपला-बूट बाहेर काढायचे. ताईने मला कोपराने ढोसलं, "पाय धुऊन यायचं होतं का रे?" चाक जिथे मशीनवर बसतं तिथे धुळीचा कण आला तरी आकडा बदलतो, म्हणून हा नियम. परेशभाई इंजिनियर, गळ्यात सोन्याची साखळी, बोलण्यात जराही नम्रता नाही. "गुजरातमां आ काम त्रण जणने आवडे," ते म्हणाले, "एमां बे हजी शीखे छे." तिघांना येतं, त्यातलेही दोघे अजून शिकतायत! त्यांनी डावं पुढचं चाक मशीनवर चढवलं. पडद्यावर शून्य. मग तेच चाक सैल करून अर्धा फेरा फिरवून पुन्हा घट्ट केलं. आता वीसच्या वर ग्रॅम दिसायला लागले. "हवे कहो, पेलुं झीरो कोनुं हतुं?" मग आधीचं शून्य कुणाचं, असा त्यांचा सवाल. मी मनात मान डोलावली. चाक मशीनवर मधोमध बसतच नव्हतं, म्हणून आधीच्या सगळ्यांचं शून्य हे चुकीच्या जागेचं शून्य होतं. त्यांनी त्या रिमच्या मापाची कडी लावून चाकं मध्यावर आणली, वजनं आतल्या बाजूने चिकटवली आणि दोन-तीनदा काढून-घालून तोच आकडा येतो हे दाखवलं. मग पेला घेऊन परेशभाई आणि मी हालोल रस्त्यावर गेलो. ते चालवत होते. नव्वद, शंभर... पाणी जणू थिजलं होतं. इतक्या महिन्यांत मी पहिल्यांदा पाठ टेकून बसलो.

मग ताई बसली. मी शेजारी. नव्वदला काटा गेला, मी पेल्याकडे पाहिलं, पाणी तसंच. मी "झालं!" म्हणणार, तेवढ्यात ती म्हणाली, "अजून आहे रे."

मी परत पाण्याकडे पाहिलं. मग डॅशबोर्डवर तळवा ठेवला. काही नाही. मग तिच्या हातांकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून समोर रस्त्याकडे लावली. पावागडचा डोंगर दिसत होता. स्टिअरिंगवर तिचा डावा अंगठा हलत होता.

शेडवर आल्यावर ती परेशभाईंना म्हणाली, "थरथर थोडी बाकी आहे." ते तिला शेजारी घेऊन गेले, येताना गाडी तिला चालवायला दिली. परत आले तेव्हा त्यांनी आधी नळावर जाऊन हात धुतले. बराच वेळ धुतले. मग म्हणाले, "बेन, हुं व्हील जोउं छुं. व्हील सारां छे. बीजुं... बीजुं मने नथी आवडतुं." त्या माणसाच्या तोंडून आपल्याला काही येत नाही हे मी पहिल्यांदाच ऐकलं. ताई फक्त "बरं" म्हणाली आणि बूट घालायला वाकली. नाडी तिने बांधली नाही, तशीच आत खोचली.

त्यानंतरचे महिने सगळ्यांत वाईट. आधी मला गाडीची भीती वाटत होती. गाडी दुरुस्त झाली आणि भीती शिल्लकच राहिली. आता जुन्या गोष्टी एकेक करून आठवायला लागल्या. आधीच्या दसऱ्याला गाडीच्या पूजेत बॉनेटवर कुंकवाने काढलेलं स्वस्तिक वाकडं झालं होतं आणि "रस्ते वाकडे, तर स्वस्तिक कशाला सरळ!" असं म्हणून तिने वर झेंडूचा हार टाकला होता. आमच्याकडे आली की मीनाला म्हणायची, "पाणी अर्धाच पेला दे गं." आणि बाबा... शेवटच्या वर्षांत बाबांचा हात इतका हलायचा की आई त्यांना चमच्याने चहा पाजायची. आम्ही त्याला वय म्हणत होतो. ताईला मी काही म्हणालो नाही आणि तिनेही काही काढलं नाही. उलट ती आणखी दुकानं शोधायला लागली. "आणंदला एक आहे म्हणे." "सुरतेला जाऊन येऊ या, येतोस?" मी रजा काढून जायचो, कारण मी नाही म्हटलं असतं तरी ती गेलीच असती. प्रत्येक ठिकाणी मशीन शून्य दाखवायचं. आता ते शून्य खरं होतं, आणि म्हणून ऐकवत नव्हतं. दुकानदार पडदा आमच्याकडे वळवायचा, ताई चष्मा पुसून पाहायची आणि विचारायची, "बरोबर पाहिलंत ना तुम्ही?" इतक्या आशेने तिने कधी डॉक्टरलाही काही विचारलं नसेल.

घरी मी खिडकी उघडी ठेवून बसायचो. तिचं घर दोन गल्ल्या पलीकडे. तिच्या गाडीचा आवाज जाताना ओळखू यायचा, मग येताना ऐकू येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा. मीना एकदा चिडून म्हणाली, "अहो, एकदा बोलून टाका ना तिच्याशी! रोज असं मरण्यापेक्षा." "काय बोलू? गाडी सोड म्हणू?" मी म्हणालो. गाडी सोडून तिच्याजवळ काय होतं, याचा हिशेब मला लागत नव्हता.

एका रविवारी सकाळी ती आली, खालूनच हॉर्न दिला. "चाल ने, दिनू! पेला भर." हालोल रस्ता मोकळा होता. काटा नव्वदवर गेला. पाणी स्वस्थ होतं. मी तिच्याकडे पाहायचं टाळत होतो. तिने डाव्या हाताने पेला उचलला आणि माझ्यासमोर धरला. पाणी लगेच काठावरून उडायला लागलं. माझ्या गुडघ्यावर, गियरवर, तिच्या पदरावर.

"बघितलंस? गाडीत हलत नाही. माझ्या हातात हलतं."

"ताई, दोन्ही हात... आधी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेव."

"ठेवते. घाबरू नकोस." तिने पेला जागेवर ठेवला, वेग कमी केला आणि एका मकाईवाल्याच्या पुढे गाडी बाजूला घेतली. "बाबांचंच आलंय रे," ती म्हणाली. "मला वाटत होतं, चाकात असेल. चाकात असतं तर बरं झालं असतं." मग दार उघडून उतरली आणि माझ्या बाजूला आली. "हो तिकडे. तू चालव."

ती गाडी मी त्याआधी कधी हातात घेतली नव्हती. माझे पाय पेडलपर्यंत नीट पोचत नव्हते आणि आरशात ट्रकच दिसत होते. तीसच्या वर जायची माझी हिंमत होईना. ताई म्हणाली, "मागचा ट्रकवाला हॉर्न नाही देत, शिव्या देतोय. जरा वाढव." मी गियरवर हात ठेवला होता, त्यावर तिने आपला हात ठेवला. तिच्या हाताची थरथर माझ्या कोपरापर्यंत येत होती. घरी येईपर्यंत तिने तो काढला नाही.

डॉक्टरांनी कंपवात सांगितला. त्यानंतर गाडी आमच्या पार्किंगमध्ये आली आणि दर रविवारी मी चालवायचो, ती शेजारी. डोळे मिटून डॅशबोर्डवर हात ठेवायची आणि सांगायची, "डाव्या चाकात हवा कमी आहे." मी मोजायचो, खरंच कमी निघायची. पुढे त्या बुटक्या सीटमध्ये तिला उतरता येईना. मग पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायची, मी इंजिन सुरू करायचो, ती बॉनेटवर हात ठेवायची. इंजिन सुरू असताना तिच्या हाताची थरथर दिसत नसे. मला वाटतं तिला ते माहीत होतं. "राहू दे अजून जरा," म्हणायची. आवाज बारीक झाला होता. पाणी त्याच पेल्यातून प्यायची, नळीने.

मंदार दिवसकार्याला आला होता. जाताना म्हणाला, "मामा, गाडी तुम्हीच ठेवा, आईने सांगितलंय." मी नको म्हणालो नाही. ती मला का नको वाटत होती, ते त्याला सांगता येण्यासारखं नव्हतं. ताई दवाखान्यात गेल्यापासून मी रोज सकाळी तो पेला रेघेपर्यंत भरून स्वयंपाकघरातून गॅलरीतल्या तुळशीपर्यंत न्यायचो. मीनाला वाटायचं, माझी भक्ती वाढली आहे. डॉक्टर म्हणतात, बाबांना आणि ताईला झालं म्हणून तुम्हाला होईलच असं नाही. 'होईलच असं नाही' हे माप नव्हे. तुळशीपर्यंत जाताना मी पाण्याकडे पाहायचो. कधी ते हलायचं. चालताना कुणाचंही हलेल. पण मी चालतोय म्हणून हलतं की आणखी कशाने, हे मला सांगता येत नव्हतं.

मागच्या रविवारी मी गाडी काढली. ताई दवाखान्यात गेल्यापासून ती उभीच होती, बॅटरी उतरेल असं स्वतःला सांगितलं. पेला भरून जागेवर बसवला. हालोल रस्त्याला लागलो, एकटा. शेजारची सीट रिकामी होती म्हणून की काय, पाय आपोआप दाबला गेला. साठ. सत्तर. ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग माझ्या तळव्यांत थरथरायला लागलं. आधी बारीक, मग मनगटापर्यंत. खाली पाहायची हिंमत होत नव्हती. पाणी स्वस्थ असेल तर... मी पावागडाकडे पाहत राहिलो. काटा नव्वदवर आला असेल. मग मी पाहिलं.

पाणी उडत होतं. काठावरून, आईने टोचून घेतलेल्या अक्षरांवरून, फडक्यावर. मी गाडीत एकटाच मोठ्याने ओरडलो, "चाकात आहे! ताई, चाकात आहे!"

गाडी बाजूला घेऊन परेशभाईंना फोन केला. ते म्हणाले, "घणा दिवस ऊभी हती ने? कां तो टायर बेसी गयुं, कां वजन नीकळी गयुं. लई आवो, दस मिनिटनुं काम." म्हणजे उभं राहून टायर बसलं असेल, नाहीतर चिकटवलेलं वजन निघालं असेल. आणि मग, "बेन केम छे?" मी सांगितलं. मग ते म्हणाले, "आवो. साथे बेसीशुं." या, जरा बरोबर बसू.

अजून गेलेलो नाही. त्यांचे दोन फोन येऊन गेले. चाकात दोष असताना गाडी रस्त्यावर आणू नये, हे मी चार लोकांना सांगत आलो आहे, आणि तेव्हापासून ती मी पार्किंगमधून हलवलेलीही नाही. पेला अजून तिच्यातच आहे, दोन सीटांच्या मध्ये, त्या फडक्यात. सकाळी तुळशीला पाणी आता मीना घालते. जाईन, या आठवड्यात जाईन. बूट बाहेर काढीन, परेशभाई चाक चढवतील, सैल करतील, फिरवतील, पुन्हा तोच आकडा दाखवतील, आणि ते शून्य खरं असेल. मग रेघेपर्यंत पाणी भरून आम्ही हालोल रस्त्याला लागू. पाणी स्वस्थ होईल... आणि मग तपासायला फक्त माझे हात उरतील.